नेपल्सचा एक दिवस, तेरचा एक दिवस

रोमच्या तीर्थयात्रेला गेलेल्या आमच्या धर्मग्रामातील मंडळींना जानेवारी महिन्यातला एक दिवस मोकळा मिळाला होता. कोणी पुन्हा संत पेत्राच्या महामंदिरात गेले, कोणी बाजारहाट करण्यात रमले. आम्ही उभयतांनी भल्या सकाळी आगगाडी धरली आणि दक्षिणेकडील नेपल्स शहर गाठले. या ओढीचे मूळ 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात होते. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा संत पौल नेपल्सजवळच्या पुत्युल बंदरात जहाजातून उतरला. तेथे त्याला बंधुजन भेटले आणि त्यांच्या आग्रहावरून तो सात दिवस त्यांच्याकडे राहिला, असे लूक लिहितो. ते बंदर आज पोझ्झुओली या नावाने ओळखले जाते. प्राचीन बाजारपेठेचे तीन उंच संगमरवरी खांब तेथे अजून उभे आहेत. समुद्रावरून बोचरे वारे येत होते. पौल ज्या जहाजाने आला ते अलेक्झांड्रिया येथील होते, हा तपशील त्या दिवशी आम्ही वाचला आणि विसरलोही. तो पुन्हा आठवण्याचा प्रसंग त्याच दिवशी दुपारी आला.

नेपल्सला परतल्यावर आम्ही सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाच्या अरुंद गल्लीतून हिंडलो. नाताळच्या गोठ्यातील मातीच्या बाहुल्या बनविणाऱ्या कारागिरांची ही गल्ली. बाळ येशू, मरिया आणि योसेफ यांच्या शेजारी पाववाला, कोळीण, शेळ्या हाकणारा पोर अशी सारी शहरवस्ती मातीत उतरलेली. देवाचा पुत्र आपल्याच गल्लीत जन्मला, असे या लोकांना मनापासून वाटत असले पाहिजे. आमच्या वसईतही नाताळच्या गोठ्यात विहीर आणि रहाट मांडणारी घरे आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे ही गल्ली परकी वाटली नाही.

दुपारी शहराच्या पुराणवस्तुसंग्रहालयात शिरलो. वेसूव्हियस ज्वालामुखीच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील वस्तू येथे ठेवल्या आहेत. त्यातील एक दालन पूर्वी सर्वसामान्यांना बंद असे आणि २००० साली ते खुले झाले. त्या दालनात आम्ही एका काचेच्या पेटीसमोर थबकलो. आत वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती. अंगावर वस्त्रापेक्षा अलंकारच अधिक. गळ्यात हार, कमरेला मेखला, हातांत कोपरापर्यंत कांकणे आणि दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. युरोपातील त्या शेकडो देवदेवतांच्या गर्दीत ही एकटीच आमच्याकडची आहे, हे सांगायला कोणत्याही पाटीची गरज नव्हती. आमच्यापैकी एकीच्या तोंडून सहज शब्द निघाले, "अरे, ही तर आपल्या लेण्यांतली बाई!"

तिची हकीकत आम्ही घरी आल्यावर वाचली. पुरातत्त्ववेत्ते अमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात १९३८ साली पाँपेईतील एका घरात ती सापडली. तिच्या मस्तकापासून खाली एक छिद्र कोरलेले आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असे अभ्यासक मानतात. प्रारंभी तिला 'लक्ष्मी' म्हटले गेले आणि तेच नाव रूढ झाले, पण ती यक्षी असावी असे म्हणणारेही आहेत. ती कोठे घडविली गेली? कोणी मथुरेचे नाव घेतले. पुढे तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रातच दोन ठिकाणी मिळाल्या. एक जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात आणि दुसरी धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी. तळाशी कोरलेले खरोष्ठी अक्षर वायव्य भारताकडे बोट दाखविते, हेही खरे. पण घडण, केशभूषा आणि अलंकार यांवरून दख्खनचा दावा दुबळा म्हणता येणार नाही. इटलीच्या थंडीत ज्या बाईने आम्हाला थांबविले, तिची बहीण आमच्याच मराठवाड्यात होती, आणि आम्ही ते गाव कधी पाहिलेही नव्हते!

ही खंत मनात धरून पुढील एका हिवाळ्यात, तीन राजांचा सण आटोपल्यावर, आम्ही मुंबईहून रात्रीची लातूर गाडी धरली. पहाटेच्या अंधारात धाराशिव स्थानकावर उतरलो. २०२३ पर्यंत या जिल्ह्याचे शासकीय नाव उस्मानाबाद होते. तेथून ईशान्येला तेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू निसवलेला होता, मधून मधून हरभरा आणि करडई. बांधावर शेकोट्या पेटलेल्या. एका शेतात हुरडा भाजण्याची तयारी चालली होती. येथे एकेकाळी रोमन साम्राज्याला ठाऊक असलेले महानगर होते, हे सांगून कोणाला खरे वाटले नसते.

पण ते होते. इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव मात्र काळाने पुसले. दक्षिणापथात दोन बाजारपेठा विशेष महत्त्वाच्या आहेत, असे तो सांगतो. पहिली पैठण, ती भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर. तेथून आणखी दहा दिवस पूर्वेला गेले की तगर नावाचे फार मोठे नगर लागते. या नगरातून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणली जाते. पुढे इ. स. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगरचा उल्लेख आला.

हे तगर कोणते, याविषयी विद्वानांत शंभर वर्षे वाद चालला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचविले. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे समीकरण साधार मांडले आणि पुढील उत्खननांनी त्याला बळकटी दिली. १९५८ साली येथे बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले, त्यानंतरही अनेकदा कुदळी चालल्या. सातवाहनकालीन वस्तीचे थर, विटांच्या स्तूपाचे अवशेष, शंखाच्या बांगड्या, मण्यांचे ढीग आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे हाती लागले.

येथे हिवाळ्याचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. इजिप्तमधून भारताकडे निघणारी जहाजे जुलैच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर शिडे सोडीत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचे वारे सुटले की परत फिरत. म्हणजे तेरच्या कापसाचे कापड बैलगाड्यांतून भडोचला पोचायचे ते याच थंडीच्या आधी वा थंडीच्या तोंडावर. मग समुद्र, मग तांबड्या समुद्रावरील बंदर, मग उंटांवरून वाळवंट, मग नाईल नदीतून अलेक्झांड्रिया. अलेक्झांड्रियाचा माल जेथे उतरे, त्या बंदरांतील एक प्रमुख बंदर म्हणजे पुत्युल. बदल्यात मद्य, तांबे, कथील, पोवळे, काच आणि सोन्यारुप्याची नाणी येत. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी तक्रार प्लिनीने याच शतकात केली. सेस्टर्स म्हणजे त्यांचे चलनी नाणे.

आता वाचकांच्या लक्षात आले असेल की पौलाच्या जहाजाचा तो विसरलेला तपशील आम्हाला का आठवला. पौल पुत्युलला उतरला तो सुमारे इ. स. ६० किंवा ६१ मध्ये. पाँपेई गाडली गेली ७९ मध्ये. हस्तिदंताची ती बाई त्यापूर्वी केव्हातरी समुद्रमार्गे इटलीत पोचली होती. ती त्याच धक्क्यावर उतरली असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु वाट तीच होती, पिढीही तीच. दख्खनच्या गाड्या ज्या जगाकडे माल धाडीत होत्या, त्याच जगाच्या बंदरांतून प्रेषित शुभवर्तमान घेऊन हिंडत होते.

तेर गाव तेरणा नदीच्या काठी वसले आहे. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. कोट, बैरागी, रेणुका, मुलाणी अशी त्यांची नावे. मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर पांढरी माती घालण्याची रीत जुनी, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या ही टेकाडे खणली गेली. एका टेकाडाच्या उतारावर आम्ही चढलो तेव्हा पायाखाली खापऱ्यांचा खच होता. लाल, काळ्या, चकचकीत. चालताना त्या कुरकुरत. शेळ्या चारणारे एक वयस्क गृहस्थ जवळ आले. आम्ही विचारले, "बाबा, येथे जुन्या वस्तू सापडतात म्हणे?"

"सापडत्यात की," ते म्हणाले. "पहिला पाऊस पडला की मणी उघडे पडत्यात. ल्हानपणी आमी खिसे भरून न्यायचो. खेळून झालं की द्यायचं फेकून." मग थोडे थांबून, "आता टेकाडं बी बसत चालली, बाई. तवा इथं उभं ऱ्हायलं की पल्याडचं दिसायचं न्हाई."

नेपल्समध्ये एका मूर्तीसाठी आम्ही तिकीट काढले होते, रांगेत उभे राहिलो होतो, आवाज खाली आणला होता. येथे आम्ही त्याच युगाच्या अवशेषांवर वहाणा घालून उभे होतो. कोणाला दोष द्यावा? घरावर माती घालणाऱ्या शेतकऱ्याला तर नव्हेच, त्याला डोक्यावर छप्पर हवे होते. खरा प्रश्न आम्हालाच होता. रोमच्या गल्ल्या आम्हाला पाठ होत्या आणि तगरचे नाव पन्नाशी उलटल्यावर कानी पडले.

सुदैवाने या गावात एक माणूस वेगळा निघाला. रामलिंगप्पा लामतुरे. टेकाडांवर आणि शेतांत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर चिकाटीने गोळा केल्या. ज्या काळात शेजाऱ्यांना तो खुळेपणा वाटला असेल, त्या काळात त्यांनी फुटक्या बाहुल्या, मणी, नाणी, दिवे जपून ठेवले. त्यांच्या हजारो वस्तूंच्या संग्रहातूनच गावातील शासकीय संग्रहालय उभे राहिले असून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हस्तिदंताची ती दुसरी बाई याच संग्रहातली. पाँपेईच्या मूर्तीपेक्षा आकाराने लहान, पण ठेवण तीच. एका खेडेगावातील नागरिकाने आपल्या पांढरीवर प्रेम केले नसते, तर पाँपेईच्या त्या एकाकी मूर्तीला बहीण मिळाली नसती.

याच संग्रहातील पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या फार बोलक्या आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून त्या घडविल्या जात. मूर्ती आतून पोकळ आणि वजनाला हलकी. दुहेरी साच्याची ही रीत रोमन जगाच्या संपर्कातून येथे आली असे अभ्यासक मानतात. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या मातीच्या मुद्राही येथे सापडल्या, त्यांना भोक असे, म्हणजे त्या गळ्यात घालण्यासाठी असाव्यात. सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या कारागिरांची बोटे आम्हाला डोळ्यांसमोर दिसू लागली. माती तिकडची असो की इकडची, तिला माणसाचे रूप देण्याची असोशी एकच.

आणि मातीचा विषय निघाला की तेरमध्ये संत गोरोबाकाकांचे नाव आलेच. तेराव्या-चौदाव्या शतकातील हे संत जातीने आणि व्यवसायाने कुंभार. गावकरी आजही त्यांना काका म्हणतात, त्यांची समाधी येथे आहे. थापटण्याने मडकी पारखावी तशी त्यांनी संतमंडळींची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? यिर्मया संदेष्ट्याला देवाने कुंभाराच्या घरी पाठविले होते. चाकावर बिघडलेले भांडे कुंभार पुन्हा घडवितो, हे त्याने तेथे पाहिले. तो अध्याय आम्ही देवळात अनेकदा ऐकला आहे, पण त्या दिवशी गोरोबांच्या अंगणात तो नव्याने उमगला.

त्रिविक्रमाचे देऊळ पाहिल्यावाचून तेरची फेरी पुरी होत नाही. विटांचे बांधकाम, मागील बाजू अर्धवर्तुळाकार, छप्पर गजपृष्ठाकार. हेन्री कझिन्स यांनी गेल्या शतकाच्या प्रारंभी ते पाहिले आणि मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे असे मत मांडले. आज आत विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे. येथील जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. एका छपराखाली दीड हजार वर्षांची उपासना चालत आली. उपासक बदलले, पण गावाने भिंती पाडल्या नाहीत.

वसईच्या वाचकांसाठी तेरचे आणखी एक नाते सांगितले पाहिजे. उत्तर कोकणावर नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवीत. ठाणे, सोपारा, अंबरनाथ हा सारा त्यांचा मुलूख. समुद्रकाठी राहूनही त्यांनी आपले मूळगाव म्हणून अभिमानाने मिरविले ते या तेरणाकाठच्या नगराचे नाव. 'पेरिप्लस'कर्त्यानेही तगरनंतर लगेच सोपारा आणि कल्याण यांचा उल्लेख केला आहे. कल्याण बंदरात तेव्हा अडथळे होते, तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो नोंदवितो. आमच्या घरापासून सोपाऱ्याचा स्तूप हाकेच्या अंतरावर आहे. तेरला गेलो ते जणू आमच्याच जुन्या दाराने.

येथे आम्हा ख्रिस्ती वाचकांच्या मनात एक प्रश्न उठणे साहजिक आहे. वाट होती, जहाजे होती, काळ प्रेषितांचा होता. मग या वाटेने शुभवर्तमानही आले असेल काय? संत थॉमसची परंपरा आपल्या सर्वांच्या ओळखीची. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस लिहितो की पँटेनस नावाचा अलेक्झांड्रियाचा पंडित भारतात गेला, तेव्हा संत बार्थोलोम्यूने ठेवलेले मत्तयकृत शुभवर्तमान त्याला तेथे आढळले. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. ते आपले कल्याण, असे अनेकांचे मत आहे. आणि १३२१ साली ठाण्यात टोलेंटिनोचे धन्यवादित थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती हुतात्मे झाले, तेव्हा डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यात नेऊन पुरले. पोर्तुगिजांच्या हाती वसई आली ती १५३४ साली, म्हणजे त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी.

परंतु वाट असणे म्हणजे तिच्यावरून कोणी विशिष्ट माणूस चालला याचा पुरावा नव्हे. तेरच्या पांढरीत क्रूस सापडलेला नाही आणि आम्ही तो तेथे ओढूनताणून शोधू नये. श्रद्धेला खोट्या साक्षीची गरज नसते. तेर जे सांगते ते याहून साधे आहे आणि आमच्या मते याहून मोलाचे आहे. "तुमचा धर्म परदेशी, तुमचे नाते युरोपाशी," हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. त्याला उत्तर देताना आपण बहुधा रागावतो किंवा गप्प बसतो. तेरच्या टेकाडावर उभे राहिले की उत्तर शांतपणे सुचते. युरोपाचे जहाज आमच्या किनाऱ्यावर धर्म घेऊन येण्याच्या कितीतरी आधी आमच्या विणकरांचे कापड आणि आमच्या कारागिरांचा हस्तिदंत या वाटेने निघाला होता. या मातीशी आमचे नाते कोणत्याही आरमाराने जोडलेले नाही, म्हणून कोणाच्या एका वाक्याने ते तुटणारही नाही. आणि ज्या येशूला आम्ही प्रभू म्हणतो तो युरोपात जन्मला नाही. तो जन्मला या व्यापारी वाटांच्या मधोमध, आणि त्याच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या पेटाऱ्यांतही वाटेवरचाच माल होता. सोने, ऊद, गंधरस.

परतीच्या वाटेवर दिवस कलला होता. टेकाडावरून उचललेला एक मणी आमच्यापैकी एकाच्या हातात होता, निळसर काचेचा, जोंधळ्याएवढा. तो घरी न्यावा असा मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. मग बाबांचे बोल आठवले आणि लामतुरेंचे आयुष्य आठवले. आम्ही मागे फिरलो आणि मणी संग्रहालयात नेऊन दिला. तेथील कर्मचाऱ्याने तो कागदात गुंडाळून घेतला आणि कोणत्या टेकाडावर सापडला ते विचारून लिहून ठेवले.

आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी रोमला, पवित्र भूमीला, लूर्दला यात्रा निघतात, त्या निघोतच. पण नाताळच्या सुटीतील एक दिवस आपल्या मुलांना तेरलाही आणावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. रात्रीच्या गाडीने निघावे, सकाळी शाळूच्या शेतांतून जावे, संग्रहालय पाहावे, गोरोबांच्या दारी क्षणभर बसावे. आणि टेकाडावर चढताना मुलांना एवढेच सांगावे की पाय हलके टाका, हे कोणाचे तरी घर आहे.